ओळखीचे आवाज

डेव्हिड बोवी रंगमंचावर चक्क मांडी घालून बसला होता. पुढ्यात ऑम्निकॉर्ड नावाचं एक छोटंसं इलेक्ट्रॉनिक वाद्य. साथीला कुणी नाही, धूर नाही, दिव्यांचा लखलखाट नाही. सत्तरच्या दशकात चेहरा रंगवून, केस तांबडेलाल करून, परग्रहावरून उतरल्यासारखा गाणारा हा माणूस आता ५४ वर्षांचा होता आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये खाली बसून सायमन आणि गारफंकेल यांचं ‘अमेरिका’ म्हणत होता. गाणं त्याचं नव्हतं, देशही त्याचा नव्हता. शहर मात्र त्याचं होतं. तो तिथे राहत होता, तिथलाच झाला होता. तारीख होती २० ऑक्टोबर २००१. जुळे मनोरे पडल्याला सहावा आठवडा चालू होता.

समोर बसलेले लोक नेहमीचे रसिक नव्हते. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे जवान, पोलीस, बचावपथकांतली माणसं आणि त्यांचे कुटुंबीय अशा हजारो जणांना त्या रात्री मोफत बोलावलं होतं. पुष्कळ जण गणवेशातच आले होते. कित्येकांच्या हातांत फोटो होते, भावाचे, नवऱ्याचे, एकाच गाडीवर काम केलेल्या साथीदाराचे. ११ सप्टेंबरला एकट्या अग्निशमन दलाची ३४३ माणसं गेली होती. बोवीनं ‘अमेरिका’ संपवलं, उठून उभा राहिला, आपल्या मोहल्ल्यातल्या फायर स्टेशनच्या लोकांना नमस्कार केला आणि ‘हीरोज’ सुरू केलं. हे गाणं १९७७ सालचं, बर्लिनमध्ये लिहिलेलं. भिंतीच्या आडोशाला भेटणारं एक जोडपं, त्यांचं एका दिवसापुरतं शौर्य, असा त्याचा विषय. त्या रात्री गार्डनमध्ये कुणाला बर्लिन आठवलं नसणार. शीर्षकातला तो एक शब्द समोरच्या गणवेशांवर जाऊन बसला आणि गाण्याचा अर्थ सगळ्यांच्या देखत बदलला.

मी हे जर्सी सिटीतल्या माझ्या खोलीत, टीव्हीवर पाहत होतो. व्हीएच-वन वाहिनी तो कार्यक्रम थेट दाखवत होती आणि तो पाच तासांहून अधिक चालला. रॉक संगीताचा नाद मला मुंबईत लागला. दादरच्या घरात भावगीतं आणि नाट्यपदं, आणि माझ्या पिशवीत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमधून आणलेल्या कॅसेट. कॅसेटच्या वेष्टनावरचे फोटो तरुणांचे असत, पण माझ्यापर्यंत ती गाणी पोचेपर्यंत गाणारे चाळिशी ओलांडून गेले होते. आमच्या पिढीला ही मंडळी थोडी उशिराच भेटली. त्यामुळे त्यांच्या सुरकुत्यांची मला कधी खंत वाटली नाही. अमेरिकेत आल्यावर मात्र लक्षात आलं की इथल्या रसिकांना त्यांचं म्हातारपण बोचतं. ज्यांनी म्हातारं होण्याआधी मरावं अशी भाषा केली तेच आता साठीला टेकून तीच गाणी विकत फिरतात, अशी टीका त्या काळात सर्रास होत असे. २००१ च्या उन्हाळ्यापर्यंत ही टीका मलाही विचार करायला लावत होती. सप्टेंबरनंतर तिच्यातला जोर माझ्यापुरता संपला. का संपला, हे सांगण्यासाठीच हा लेख.

जर्सी सिटीच्या एक्स्चेंज प्लेसच्या धक्क्यावरून हडसन नदीपलीकडचं दक्षिण मॅनहॅटन समोरच दिसतं. त्या सकाळी तिथे माणसांची दाटी होती आणि कुणी बोलत नव्हतं. पहिला पडला तो दक्षिणेकडचा मनोरा, ९ वाजून ५९ मिनिटांनी. उत्तरेकडचा १० वाजून २८ मिनिटांनी. मग दुपारभर फेरीबोटी, टगबोटी, जे तरंगेल ते पलीकडून माणसं आणत राहिलं. उतरणाऱ्यांच्या अंगावर, पापण्यांवर, बुटांच्या नाड्यांवर तो पांढुरका राखेचा थर होता. वाऱ्याची दिशा बदलली की वास आमच्या बाजूला यायचा. ढिगाऱ्याखालची आग डिसेंबरपर्यंत धुमसत होती.

नंतरच्या आठवड्यात मॅनहॅटनला गेलो तेव्हा ग्रीनिच व्हिलेजमधल्या सेंट व्हिन्सेंट हॉस्पिटलच्या बाहेर ‘हरवले आहेत’चे कागद पाहिले. घरच्या प्रिंटरवर छापलेले, सेलोटेपनं चिकटवलेले. नाव, उंची, कितव्या मजल्यावर काम, अंगठी कोणत्या हातात, तीळ कुठे. एका कागदावर ओळख म्हणून लिहिलं होतं, उजव्या खांद्यावर रोलिंग स्टोन्सच्या जिभेचं गोंदण. त्याखाली फोन नंबर, दोनदा लिहिलेला, दुसऱ्यांदा मोठ्या अक्षरात. त्या कागदापाशी मी बराच वेळ उभा होतो. त्या माणसाला मी ओळखत नव्हतो, पण त्याच्याकडे कोणत्या रेकॉर्डी असतील याचा मला अंदाज होता.

त्या दिवसांत रेडिओचं विचित्र झालं होतं. अमेरिकेतल्या हजारभर स्टेशनांची मालकी असलेल्या क्लिअर चॅनल कंपनीत एक यादी फिरली. या काळात ही गाणी लावताना विचार करावा, अशा दीडशेहून अधिक गाण्यांची. बंदी नव्हती, सूचना होती. पण यादी वाचून डोकं चक्रावत होतं. विमान, आग, उंचावरून पडणं असे उल्लेख असलेली गाणी एकवेळ समजू शकतात. जॉन लेननचं ‘इमॅजिन’ त्यात होतं, सायमन आणि गारफंकेलचं ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’ होतं, लुई आर्मस्ट्राँगचं ‘व्हॉट अ वंडरफुल वर्ल्ड’सुद्धा होतं. ज्या गाण्यांकडे माणूस अशा वेळी धाव घेतो तीच कुणाला तरी धोक्याची वाटली होती. आणि २१ सप्टेंबरच्या रात्री, बहुतेक सगळ्या वाहिन्यांनी एकत्र येऊन दाखवलेल्या मदत-कार्यक्रमात, नील यंगनं पियानोवर बसून ‘इमॅजिन’ म्हटलं आणि पॉल सायमननं ‘ब्रिज ओव्हर ट्रबल्ड वॉटर’. त्या कार्यक्रमात प्रेक्षक नव्हते, टाळ्या नव्हत्या. मेणबत्त्या आणि गाणारे, एवढंच.

त्याची सुरुवात ब्रूस स्प्रिंगस्टीननं केली होती. न्यू जर्सीत राहणाऱ्यानं स्प्रिंगस्टीनबद्दल लिहायला घेतलं की थांबणं कठीण, तरी आवरतं घेतो. त्यानं गायलेलं ‘माय सिटी ऑफ रुइन्स’ हे न्यूयॉर्कवर लिहिलेलं नव्हतंच. न्यू जर्सीच्या किनाऱ्यावरचं ॲस्बरी पार्क, त्याच्या तरुणपणीचं गाव, बंद पडलेली दुकानं आणि ओस पडलेला समुद्रकाठ, यांचं ते गाणं हल्ल्याच्या आधीच्या वर्षातलं होतं. हल्ल्यानंतर काही दिवसांनी सी ब्राइट इथल्या समुद्रकिनाऱ्यावरून तो गाडी काढत असताना दुसऱ्या गाडीतल्या एका अनोळखी माणसानं काच खाली केली, ‘आम्हाला तुझी गरज आहे’ अशा अर्थाचं काहीतरी म्हटलं आणि तो निघून गेला. ही गोष्ट स्प्रिंगस्टीननं स्वतः सांगितली आहे. त्याच्या मॉनमथ काउंटीनं त्या दिवशी दीडशेच्या आसपास माणसं गमावली होती.

कोणत्या देशात, कोणत्या धंद्यातल्या माणसाला रस्त्यात थांबवून लोक असं म्हणतात? डॉक्टरला म्हणतील, पुढाऱ्याला म्हणायला हवं. ५१ वर्षांच्या गिटारवाल्याला का म्हणावं?

याची मुळं मला १९६३ पर्यंत मागे गेलेली दिसतात. २२ नोव्हेंबर १९६३ ला डल्लासमध्ये केनेडींना गोळ्या घातल्या गेल्या. त्याच दिवशी इंग्लंडात बीटल्सची दुसरी लाँगप्ले बाजारात आली होती. त्याच सकाळी सीबीएसच्या बातम्यांत लिव्हरपूलच्या या चार पोरांवर एक छोटी चित्रफीत दाखवली होती. दुपारनंतर ती कुणाच्या लक्षात राहणं शक्य नव्हतं. सीबीएसचा वृत्तनिवेदक वॉल्टर क्राँकाइटनं ती १० डिसेंबरला पुन्हा दाखवली, कारण देशाला काहीतरी हलकं पाहायची गरज आहे असं त्याला वाटलं. ९ फेब्रुवारी १९६४ ला बीटल्स एड सलिव्हनच्या कार्यक्रमात आले तेव्हा ७ कोटी ३० लाख लोक टीव्हीपुढे होते. सुतकातून उठणाऱ्या देशाला चार परदेशी तरुणांनी हसवलं. बीटल्सच्या यशाचं सगळं श्रेय केनेडींच्या मृत्यूला देणं मला पटत नाही. ती गाणी एरवीही ऐकली गेली असती. पण त्या पिढीच्या मनात शोक आणि हे आवाज एकमेकांना चिकटले ते कायमचे. तेव्हा बीटल्समधला पॉल मॅकार्टनी २१ वर्षांचा होता. ३७ वर्षांनी, ११ सप्टेंबरला, तोच मॅकार्टनी न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर धावपट्टीजवळ थांबलेल्या विमानात बसला होता आणि खिडकीतून त्याला मनोऱ्यांचा धूर दिसला. केनेडींच्याच नावाचा विमानतळ. मॅकार्टनीचे वडील महायुद्धाच्या काळात लिव्हरपूलमध्ये स्वयंसेवक फायरमन होते. गार्डनमधली ती मैफल उभी करण्यात त्यानं पुढाकार घेतला त्यामागे हेही एक कारण होतं.

मैफलीत सगळंच जमलं असं नाही. नव्या दमाचे कलाकार येऊन गेले आणि त्यांना टाळ्याही मिळाल्या. बिली जोएल मात्र लक्षात राहिला. त्याच्या पियानोवर फायरमनचं हेल्मेट ठेवलेलं होतं. न्यूयॉर्क उद्ध्वस्त झाल्याची कल्पना करणारं ‘मायामी २०१७’ हे गाणं त्यानं सत्तरच्या दशकात, शहर दिवाळखोरीच्या काठावर असताना लिहिलं होतं. आपण विज्ञानकथा लिहितोय असं तेव्हा वाटलं होतं, हे तो त्या रात्री बोलला. जॅगर आणि रिचर्ड्स दोघेच आले, बाकीचे स्टोन्स नाहीत. ‘सॉल्ट ऑफ द अर्थ’ या १९६८ च्या गाण्यात कष्टकऱ्यांसाठी प्याला उचललेला आहे, पण मधल्या कडव्यांत त्याच गर्दीकडे लांबून पाहणाऱ्याचा परकेपणाही आहे. त्या रात्री परकेपणा कुठल्या कुठे गेला. रिचर्ड्सचा तो खरबरीत, जेमतेम सुरात राहणारा आवाज मला फार खरा वाटला.

आणि मग ‘द हू’.

पीट टाउनशेंड ५६, रॉजर डॉल्ट्री ५७, जॉन एन्टविसल ५७. चौथा कीथ मून १९७८ सालीच गेलेला. त्याच्या जागी ड्रमवर झॅक स्टार्की, म्हणजे रिंगो स्टारचा मुलगा. चारच गाणी. त्यांतलं दुसरं ‘बाबा ओ’रायली’. सुरुवातीला ऑर्गनचा तो फिरत राहणारा, स्वतःभोवती गिरक्या घेणारा तुकडा सुरू होतो. पहिली काही सेकंदं बाकी कुणीच वाजवत नाही. कॅमेरा प्रेक्षकांवर गेला. पन्नाशीतला, मिशीवाला, भरगच्च खांद्यांचा एक माणूस, डोळे मिटलेले, बोटांनी पुढच्या खुर्चीच्या पाठीवर तो तुकडा वाजवतोय. पियानोचे ते तीन जड आघात आले आणि सगळं गार्डन उभं राहिलं. टाउनशेंडचा हात पवनचक्कीसारखा फिरायला लागला. एन्टविसल नेहमीप्रमाणे खांबासारखा स्थिर; हलत होती ती फक्त त्याची बोटं. हे गाणं उजाड माळावर भरकटलेल्या तरुणांविषयी आहे. ते चाळिशी-पन्नाशीचे पुरुष, ज्यांतल्या कित्येकांनी गेल्या पाच आठवड्यांत रोज एक अंत्यविधी पाहिला होता, बेंबीच्या देठापासून त्याचं धृपद ओरडत होते. कुणी फोटो डोक्यावर धरला होता. शेवटी मूळ रेकॉर्डवर व्हायोलिन आहे; त्या जागी डॉल्ट्रीनं तोंडाचा बाजा वाजवला, इतका जोरात की गालांच्या शिरा दिसत होत्या.

मला त्या क्षणी आणखी एक गोष्ट ठाऊक होती जी त्या सभागृहात थोड्यांनाच ठाऊक असेल. या गाण्याच्या नावातले ‘बाबा’ म्हणजे आपल्या नगरचे मेहेरबाबा. नावातला ‘रायली’ हा अमेरिकन संगीतकार टेरी रायली, ज्याच्या पुनरावृत्तीच्या शैलीवरून तो ऑर्गनचा तुकडा सुचला.

मेहेरबाबा म्हणजे मेरवान शेरियार इराणी. जन्म पुण्याचा, १८९४ चा. शिक्षण कॅम्पातल्या सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि डेक्कन कॉलेजात. १० जुलै १९२५ ला त्यांनी मौन धरलं ते ३१ जानेवारी १९६९ ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. आधी अक्षरफळ्यावर बोट ठेवून आणि नंतर नुसत्या हातांच्या खुणांनी ते बोलत. साठच्या दशकाच्या शेवटी लंडनमधल्या एका बेफाम गिटारवादकाला, जो रंगमंचावर गिटारी फोडण्यासाठी प्रसिद्ध होता, या मौनी माणसानं ओढून घेतलं. टाउनशेंड त्यांना प्रत्यक्ष कधीच भेटला नाही. १९७२ मध्ये तो समाधीच्या दर्शनाला आला. एखाद्या माणसाच्या शरीराची आणि स्वभावाची माहिती यंत्रात भरली तर त्यातून कोणतं संगीत निघेल, असा प्रयोग त्याच्या डोक्यात होता, आणि त्या कल्पनेच्या केंद्रस्थानी मेहेरबाबा होते. ‘बाबा ओ’रायली’ त्या खटाटोपातून निघालं.

नगरहून दौंडकडे जाणाऱ्या रस्त्यावर अरणगावच्या अंगाला मेहेराबाद लागतं. टेकडीवर छोटीशी पांढरी घुमटी, आत संगमरवरी समाधी, भिंतींवर रंगवलेली चित्रं. उंबऱ्यापाशी चपला काढून रांगेत उभं राहायचं. मी गेलो होतो तेव्हा पुढे आंध्रातलं एक कुटुंब होतं, मागे इराणी बाई, तिच्यामागे शेतावरून सरळ आलेला अरणगावचाच एक माणूस, हातात झेंडूची फुलं. दरवर्षी ३१ जानेवारीला, अमरतिथीला, हजारो लोक दुपारी बारापासून पंधरा मिनिटं मौन पाळतात. त्या माळावर उन्हात इतकी माणसं गप्प बसलेली पाहिली की ‘द हू’सारख्या, जगातला सर्वांत कर्कश बँड म्हणून एकेकाळी नोंद झालेल्या, वाद्यवृंदाचा या जागेशी काय संबंध, असं वाटणारच. मला संबंध दिसतो. टाउनशेंडचा सगळा आवाज कुठेतरी थांबण्यासाठी, शांत होण्यासाठी धडपडतो आहे. शोकातल्या माणसाचा आक्रोशही तसाच असतो.

‘बाबा ओ’रायली’ असलेली रेकॉर्ड १९७१ च्या ऑगस्टमध्ये आली. त्याच महिन्याच्या १ तारखेला याच मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये दुसऱ्या एका शोकांतिकेसाठी मैफल झाली होती. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात १९७० च्या नोव्हेंबरात चक्रीवादळानं लाखो माणसं गेली, पाठोपाठ १९७१ च्या मार्चपासून लष्करी कत्तल, आणि लाखो निर्वासितांचा लोंढा भारतात. पंडित रविशंकरांनी बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनला साकडं घातलं. हॅरिसन २८ वर्षांचा होता. दुपारी एक आणि रात्री एक असे दोन कार्यक्रम झाले. रविशंकर, अली अकबर खाँ, अल्लारखाँ. मग डिलन, क्लॅप्टन, रिंगो. तिकिटांतून सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर जमले. रेकॉर्ड आणि चित्रपटाचा पैसा मात्र करांच्या वादात कित्येक वर्षं अडकून पडला. आपत्तीसाठी मोठ्या मैफली भरवायची प्रथा तिथून पडली. २००१ च्या रात्री क्लॅप्टन पुन्हा त्याच इमारतीत होता, बडी गायबरोबर ब्लूज वाजवत. ३० वर्षांपूर्वी रिंगो जिथे ड्रम वाजवत होता तिथे त्याचा मुलगा वाजवत होता. हॅरिसन नव्हता. तो कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात होता आणि २९ नोव्हेंबरला गेला, अवघ्या ५८ व्या वर्षी. शोकाच्या गाण्याची ही वहिवाट ज्यानं घालून दिली त्याच्याविना ती रात्र पार पडली, याची हळहळ मला अजून वाटते.

त्या रात्रीच्या दुसऱ्या बाजूबद्दलही लिहायला हवं. एक फायरमन, ज्याचा भाऊही त्या दिवशी गेला होता, माइकपाशी आला आणि त्यानं ओसामा बिन लादेनला उद्देशून गलिच्छ शिवी दिली. सभागृह दणाणून गेलं. अभिनेता रिचर्ड गेअरनं सूडापेक्षा करुणेची भाषा करून पाहिली, तर त्याची हुर्यो उडवली गेली. हिलरी क्लिंटन यांनाही. त्या माणसांनी आपले भाऊ हातांनी उकरून काढले होते. त्यांच्या रागाला बोट लावायचा मला अधिकार नाही. पण गेअर बरोबर बोलत होता असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. ७ ऑक्टोबरला अफगाणिस्तानवर बाँबहल्ले सुरू झाले होते. अमेरिकेत पगडी घातली म्हणून शीख माणसांना मारहाण होत होती; ॲरिझोनात एकाला तर गोळी घातली गेली. त्या आठवड्यांत आम्ही सगळे सावळे लोक रात्री ट्रेनमध्ये पाठ डब्याच्या भिंतीला लावून उभे राहायचो. मॅकार्टनीनं त्या रात्री ‘फ्रीडम’ नावाचं, हल्ल्यानंतर लिहिलेलं नवं गाणं म्हटलं. सोपं, सगळ्यांना धरता येईल असं. पण पुढे युद्ध जसं वाढलं तसा त्या गाण्याला लष्करी रंग चढला आणि मॅकार्टनीनं ते म्हणणं सोडून दिलं. त्याच रात्री सगळ्यांनी मिळून म्हटलेलं ‘लेट इट बी’ मात्र कुणी कुणाविरुद्ध वापरू शकलं नाही.

यावरून, शोकात नवं गाणं चालत नाही, जुनंच लागतं, असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. मराठी वाचक लगेच हरकत घेईल. २७ जानेवारी १९६३ ला दिल्लीच्या नॅशनल स्टेडियमवर, चीनच्या युद्धातल्या पराभवानंतर, लताबाईंनी म्हटलेलं ‘ऐ मेरे वतन के लोगो’ अगदी नवं कोरं होतं. चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे तेही पुणतांब्याचे, नगर जिल्ह्यातलेच. नवं असूनही ते गाणं देशानं पहिल्या दिवसापासून आपलं मानलं. स्प्रिंगस्टीनची २००२ च्या जुलैमधली ‘द रायझिंग’ ही रेकॉर्डही बरीचशी नवीच, जिना चढत वर गेलेल्या फायरमनच्या तोंडून बोलणारी, आणि तीही लोकांनी उराशी धरली. तेव्हा गाणं नवं की जुनं, याला फारसं महत्त्व नसावं. आवाज ओळखीचा लागतो. लता हा आवाज १९६३ च्या आधी दहा-पंधरा वर्षं घराघरांत स्वयंपाकाच्या वेळी, शाळेच्या वेळी, जागरणाच्या वेळी ऐकलेला होता. कुणी परकं सांत्वनाला आलं तर आपण नमस्कार करून त्याला चहा विचारतो. रडतो ते लहानपणापासून पाहिलेल्या मावशीपाशी. म्हाताऱ्या रॉकस्टारकडे ही मावशीची जागा आलेली असते, आणि ती फक्त वर्षं घालवूनच मिळते. तरुणपणी त्यांची गाणी कितीही चांगली असोत, ही जागा तेव्हा त्यांच्यापाशी नव्हती. त्यामुळे त्यांच्या म्हातारपणावरची ती टीका मला पोकळ वाटू लागली.

‘न्यूयॉर्क टाइम्स’ त्या काळात रोज मृतांची छोटी शब्दचित्रं छापत होता, एकेक परिच्छेदाची. वर्षअखेरपर्यंत १,८०० हून अधिक छापून झाली. पदं आणि पगार यांच्याऐवजी त्यात माणसांच्या आवडी असत. कोण मासे पकडायचा, कोण लेकीच्या वेण्या घालायचा, आणि वारंवार, कोण कुणाचा चाहता होता. स्प्रिंगस्टीनचे चाहते त्यांत इतक्यांदा येत की त्यानं अशा काही कुटुंबांना स्वतः फोन केले. ‘टाइम’ साप्ताहिकानं २००२ मध्ये त्या विधवांच्या तोंडून हे छापलं. संध्याकाळी फोन वाजतो आणि पलीकडून तो घोगरा आवाज आपल्या नवऱ्याबद्दल विचारतो. स्प्रिंगस्टीनला त्या माणसाविषयी काही माहीत नव्हतं, तरी दोघांमध्ये वीस-पंचवीस वर्षांचा परिचय होता, एका बाजूनं का होईना. त्या फोनांतून ‘द रायझिंग’मधली माणसं आली.

मुंबईतही एकदा हे घडलं, लहान प्रमाणावर. २००८ च्या २९ नोव्हेंबरला अनुष्का शंकर आणि ‘जेथ्रो टल’ हा ब्रिटिश बँड यांचा कार्यक्रम मुंबईत ठरलेला होता. २६ च्या रात्री हल्ला झाला. सीएसटी, लिओपोल्ड, कामा, ताज, ट्रायडंट, नरिमन हाउस. १६६ माणसं गेली. कार्यक्रम रद्द करून ही मंडळी निघून गेली असती तर कुणी बोट ठेवलं नसतं. बँडचा म्होरक्या इयन अँडरसन तेव्हा ६१ वर्षांचा. पण त्यांनी तोच कार्यक्रम हल्ल्यातल्या पीडितांच्या मदतीसाठी म्हणून ५ डिसेंबरला केला. रविशंकरांची मुलगी आणि म्हातारा ब्रिटिश रॉक-बासरीवाला. ३७ वर्षांपूर्वी न्यूयॉर्कमध्ये वडिलांनी जे मागितलं ते मुलीनं मुंबईसाठी केलं. माझा एक जुना मित्र रोज सीएसटीवरून गाडी पकडायचा. त्यानं फोनवर मला सांगितलं की त्या आठवड्यात बातम्यांशिवाय दुसरं काही कानावर घेणंच त्याला जमत नव्हतं. कॉलेजात ऐकलेली अँडरसनची बासरी लावली आणि पहिल्यांदा झोप लागली. मुंबईच्या त्या मैफलीबद्दल फार कमी लिहिलं गेलं. ते लिहिलं जायला हवं होतं.

२००१ च्या रात्रीनंतर एन्टविसल वर्षभरही जगला नाही. २७ जून २००२ ला, दौरा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, लास व्हेगासच्या हॉटेलात गेला. बोवी १० जानेवारी २०१६ ला गेला आणि त्याच्या लाफायेट स्ट्रीटवरच्या घराबाहेर फुलांचा ढीग लागला. समोर बसलेल्या फायरमननाही काळ सोडत नव्हता. ढिगाऱ्यावरच्या धुळीनं फुप्फुसं आणि रक्त नासवलं. २०२३ च्या सप्टेंबरात त्या धुळीच्या आजारांनी गेलेल्या अग्निशमन दलाच्या माणसांची संख्या ३४३ झाली, त्या एका दिवसात गेले तेवढीच.

१३ मे २०१९ ला ‘द हू’ पुन्हा गार्डनमध्ये आले, या वेळी पूर्ण वाद्यवृंद घेऊन. डॉल्ट्री ७५ वर्षांचा. मी गेलो होतो. शेजारच्या खुर्चीवर निवृत्त फायरमन होता, क्वीन्सचा, मध्येच तोंडावर रुमाल धरून खोकत होता. २००१ च्या रात्री तोही इथेच होता, वरच्या बाजूला. त्याच्या मते त्या रात्रीचं खरं गाणं ‘बिहाइंड ब्लू आइज’. ‘बाबा ओ’रायली’ला सगळेच ओरडतात, म्हणाला, पण ‘ब्लू आइज’च्या वेळी माझ्या रांगेत कुणी कुणाकडे पाहत नव्हतं. मी माझ्या बाजूनं भांडलो. मध्यंतरात त्यानं विचारलं, तो बाबा नक्की कोण? टाउनशेंडचा गुरू एवढंच त्यानं कुठेतरी वाचलं होतं. मी त्याला पुण्याचे इराणी, ४४ वर्षांचं मौन, नगरची टेकडी, समाधीपुढची रांग, सगळं सांगितलं. तो लक्ष देऊन ऐकत होता. शेवटी या वेळी व्हायोलिन होतं, मूळ रेकॉर्डसारखं, आणि तो उभा राहून संपेपर्यंत हातानं ताल धरत होता. बाहेर पडताना त्यानं फोन काढून माझ्याकडून अरणगाव टाइप करून घेतलं आणि तिथे जायचं कसं ते विचारलं. मुंबईला उतरायचं, मी सांगितलं, मग पुण्यावरून दौंडमार्गे नगर. जानेवारीत या, उन्हाळ्यात तिथली धूळ तुमच्या छातीला सोसायची नाही.